उलटे आटे

"थांब. घोडा सोड," सहादू म्हणाला.

तुषारने नट खोलायच्या मशीनचा घोडा सोडला. टरटर थांबली. जीपच्या पुढच्या डाव्या चाकाचा नट जागचा हलला नव्हता.

"गंजलाय मामा. अजून दोन दणके देतो."

"गंजला न्हाई. तू त्याला आवळतोयस."

"आवळतोय कसा? हे बघा ना बटण. खोलायच्या बाजूलाच आहे."

"तेच तर. ह्या जीपचे डावीकडचे आटे उलटे असत्यात. उजवीकडं जसं खोलतोस, तसं हिकडं आवळलं जातं."

तुषारने मशीन मांडीवर ठेवलं आणि नटाकडे पाहिलं. तो मस्कतच्या एका गॅरेजात पाच वर्षं फिटर होता. "सहाशे गाड्या खोलल्या असतील मामा. असली नाही बघितली."

"मस्कतला नव्या गाड्या. ही माझ्या लग्नाच्या आगेमागे बनलेली."

"मग तुमच्यासारखीच की. सरळ सांगितलं की आवळून बसणार."

सहादू हसला नाही. त्याने रस्त्यापलीकडे पाहिलं. कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या ट्रॅक्टरांची रांग नगर-मनमाड रस्त्यावर उभी होती आणि तिच्यामागे चहाच्या टपरीवर जीपचा मालक पाठमोरा बसला होता. एवढ्या अंतरावरून, ट्रॅक्टरांच्या आवाजात, त्याला काही ऐकू गेलं असण्याची शक्यता नव्हती.

"हळू बोल," सहादू तरीही म्हणाला.

तुषारने घोड्याच्या वरचं बटण दुसऱ्या बाजूला दाबलं. मशीन पुन्हा टरटरलं आणि दोन सेकंदांत नट सुटून मशीनच्या तोंडाच्या गोटीत आला. मग दुसरा, तिसरा, चौथा, पाचवा. हाताने याला चार मिनिटं लागली असती. मशीनला वायर नव्हती, हवेची नळी नव्हती. पिस्तुलासारखं हातात धरायचं, मुठीखाली बॅटरी. सहादूचा उजवा खांदा दीड वर्षापासून वर जात नव्हता. डॉक्टरांनी पान्याचं काम सोडायला सांगितलं होतं. तुषारने सुटीवर येताना सासऱ्यासाठी हे मशीन आणलं होतं. ट्रकच्या नटांपुढे ते हात टेकायचं, पण जीप, मारुती, टेम्पो यांना पुरून उरायचं. बॅटरी स्वयंपाकघरातल्या फळीवर चार्जिंगला लागायची आणि सहादूची बायको भागिरथीबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या, "जावयाचं दुसरं लेकरू हाय. येळच्या येळी पाजावं लागतं."

नोव्हेंबर १९९८ मधली ही गोष्ट. राहात्याच्या दक्षिण टोकाला, रस्त्याच्या डाव्या हाताला सहादू पगारेचं पत्र्याचं दुकान होतं. पंक्चर काढणे, टायर बदलणे, हवा भरणे. दुकानाला पाटी नव्हती. ड्रायव्हर लोक त्याला तात्या म्हणत आणि त्याची एक सवय सगळ्या अड्ड्याला माहीत होती. चाक बसवून झालं की तो प्रत्येक नटाला अंगठा लावून मोठ्याने मोजायचा. एक, दोन, तीन, चार, पाच. मग पुन्हा एकदा. "तात्या पाढे म्हनत्यात, थांबा," असं ड्रायव्हर एकमेकांना सांगत. डाव्या चाकाजवळ तो असताना कुणी बोललेलं त्याला चालत नसे. बोललं तर तो पाना खाली ठेवायचा आणि बोलणं संपेपर्यंत उभा राहायचा. ही सवय सात वर्षांची होती. त्याआधी तो मोजत नसे.

त्या सकाळी साडेनऊला ही जीप आली. उतरलेल्या माणसाला सहादूने ओळखलं नाही. डोक्यावरचे केस गेले होते, खांदे पोती उचलणाऱ्या माणसासारखे रुंद झाले होते.

"वळखलं का तात्या?"

आवाजावरून ओळखलं. गोरक्ष. अस्तगावचा गोरक्ष गाडेकर.

"लायसन मिळालं परत," गोरक्ष म्हणाला. "जीप घेतली. जुनी हाय, पर इंजन चांगलंय. चारी टायर बदलायचेत. दुसऱ्या कुणाकडं न्हाई गेलो."

सहादू "बरं" एवढंच म्हणाला. गोरक्षने किल्ली त्याच्या हातात दिली आणि चहा सांगायला रस्ता ओलांडून गेला.

*

१९ जून १९९१, बुधवार. गोरक्ष तेव्हा चोवीस वर्षांचा होता आणि दुसऱ्याची जीप चालवायचा. त्याआधी तो टेम्पोवर होता, जीपवर येऊन चार महिने झाले होते. सकाळी सात वाजता तो डावं पुढचं चाक पंक्चर घेऊन आला. सोबत त्याची धाकटी बहीण माधुरी होती. एकोणीस वर्षांची. तिला नगरला नर्सिंगच्या मुलाखतीला जायचं होतं. मागे बसायला वाटेत माणसं मिळणार होती.

गोरक्ष चहाला गेला. माधुरी फाईल छातीशी धरून चाकाजवळ उभी राहिली. मुलाखतीला जाणाऱ्या मुलीला शांत बसवत नाही, तशी ती प्रत्येक गोष्ट बघत होती. सहादूने पंक्चर काढलं, चाक चढवलं, नट बोटांनी लावले आणि पान्याने आवळायला सुरुवात केली.

"तात्या, तुमी उलटं का फिरवताय?" ती म्हणाली.

पंधरा वर्षांच्या धंद्यात कुणाही ड्रायव्हरने त्याला हा प्रश्न विचारला नव्हता. सहादूला कौतुक वाटलं. त्याने पाना हातात धरून तिला समजावून सांगितलं. डाव्या बाजूचं चाक पुढं पळताना ज्या दिशेला फिरतं, त्या झटक्यानं साधा नट हळूहळू सैल पडू शकतो. म्हणून कंपनीनं डाव्या बाजूला आटेच उलटे ठेवले. गाडी पळेल तसा नट घट्ट होतो. ती म्हणाली, "म्हंजे डावीकडच्यांना येगळा नियम." आणि स्वतःच हसली. गोरक्ष आला, ते निघाले.

पावणेनऊच्या सुमारास गुहा गावाच्या पुढे जीपचं डावं पुढचं चाक निघालं. जीप बाभळीवर गेली. मागे बसलेल्या सहा जणांना मार लागला. डावीकडे पुढे बसलेली माधुरी जागीच गेली.

पंचनाम्यात नोंद झाली की चाकाचे बोल्ट शाबूत होते, आटे झिजलेले नव्हते, पाचपैकी तीन नट रस्त्याकडेला सापडले. तिसऱ्या दिवशी पोलिसांनी सहादूला विचारलं, पाचही नट आवळले होते का. सहादू म्हणाला, "व्हय साहेब. पाची." पुढे कोर्टातही तेच म्हणाला. गोरक्षला भरधाव गाडी चालवल्याबद्दल आणि चाकाची तपासणी न केल्याबद्दल सहा महिन्यांची शिक्षा झाली. लायसन गेलं. सुटून आल्यावर तो बाजार समितीत कांद्याची पोती उचलायला लागला.

सहादू खोटं बोलला होता असं म्हणता येत नाही. खरं बोलला होता असंही नाही. त्याच्या हाताला त्या सकाळचे चार नट आठवत होते. पहिला, त्याच्या समोरचा, मग खालचा, मग उरलेले दोन. प्रत्येकाचा शेवटचा झटका खांद्यापर्यंत आठवत होता. पाचवा आठवत नव्हता. पाचव्याच्या जागी तिचा प्रश्न होता आणि त्याचं स्वतःचं बोलणं. बोलणं संपल्यावर त्याने पाना पाचव्यावर घातला की सरळ पेटीत टाकला, हे त्याला सात वर्षं कळलं नव्हतं. उजवीकडच्या चाकांशी त्याला काही व्हायचं नाही. डाव्या चाकाशी बसला की चौथ्या नटानंतर मागून कुणीतरी विचारायचं, तात्या, तुमी उलटं का फिरवताय? ती उभी असे त्याच जागी, पत्र्याच्या सावलीची कड जिथे संपते तिथे. तो मान वळवत नसे. मनातल्या मनात सगळं उत्तर पुन्हा देई, आणि मग पाचवा आवळून अंगठ्याने मोजे.

*

गोरक्ष तीन ग्लास चहा घेऊन आला. तुषारने मशीन बाजूला ठेवलं.

"मशीन भारी हाय," गोरक्ष म्हणाला. "जावई का? प्रज्ञाचं मालक?"

"हो. तुषार."

"बरं झालं. तात्यांचा खांदा गेला म्हनं. आमच्या आईचा बी तसाच." गोरक्षने जीपच्या टपावर हात ठेवला. "उद्या आईला घेऊन राहुरीला जायचंय. मावशी आजारी हाय. सात वर्सांत आई त्या रस्त्यानं गेली न्हाई. नातेवाइकात लग्न असलं तरी श्रीरामपूरवरनं वळसा घालून जाती. आवंदा म्हनली, ने. पहिल्यांदा म्हनली."

"पुढं बसवनार?" सहादूने विचारलं.

"पुढंच. मागं तिला हादरं सोसत न्हाईत." गोरक्षने चहाचा घोट घेतला. "म्हून म्हनलं, चाकं तुमच्याकडंच. आन एक हाय तात्या, राग मानू नका. तुमी आवळलं तरी मी परत सोता आवळून बघनार. रोज. निघताना आन वाटंत. तशी आन घेतलीय."

"घ्यावी," सहादू म्हणाला.

"तवा बी आवळलं हुतं. तरी गेलं."

सहादूच्या हातातला ग्लास ओठांपर्यंत गेला होता, तिथेच थांबला.

"कवा?"

"त्याच दिशी." गोरक्ष इकडेतिकडे पाहून बोलला. "कोर्टात हे सांगितलं न्हाई. वकील म्हनला, चाक वाजत असताना गाडी पुढं नेली असं धरत्याल, गप ऱ्हा. झालं असं, कोल्हारचा पूल वलांडला आन डाव्या चाकात टकटक यायला लागली. मी उतरलो. एक नट नुसता लटकत हुता. बोटानं फिरवायला गेलो तर हातातच आला. आटे गेलेले. हा बघा."

त्याने सहादूच्या हातातली किल्ली दाखवली. किल्लीला तारेने एक जुना नट बांधलेला होता. सकाळपासून तो सहादूच्या तळहातात होता.

"तसाच ठेवलाय. आठवन ऱ्हावी म्हून."

"आन बाकीचे?" सहादूने विचारलं.

"बाकीचे चार मी आवळले ना. पेटीतला पाना काढला. लई कडक हुते तात्या. हातानं हलंना. पान्यावर पाय देऊन उभा राह्यलो, तवा कट्ट करून फिरले. एकेकाला अर्धा आटा दिला. म्हनलं, एवढे कडक आवळलेत, चार नटांवर नगर गाठू, तिथं पाचवा घेऊ. माधुरी झोपली हुती शिटावर. रातभर जागून वाचत बसली हुती. तिला उठवली बी न्हाई."

तुषार ग्लास खाली ठेवून पुढे झुकला. "पाना कुणीकडे फिर—"

"तुषार," सहादू म्हणाला, "कॉम्प्रेसर बघ. हवा गळतीय."

"कुठे गळतेय?"

"बघ म्हनलं ना."

तुषार उठला. कॉम्प्रेसर बंदच होता. तो त्याच्याजवळ जाऊन उभा राहिला.

"आई काय म्हनती?" सहादूने गोरक्षला विचारलं.

"काय म्हननार? पोरगी माझ्या हातनं गेली. भाकरी वाढती, पर माझ्याकडं बघत न्हाई. मी म्हनतो, आई, मी चाक आवळलं हुतं. ती म्हनती, वाजलं तवा माघारी का न्हाई फिरला?" त्याने तिन्ही ग्लास एकात एक घातले. "चार वाजंस्तवर हुईल ना? मी टायरचं बिल करून, राशन घेऊन येतो."

"हुईल."

*

गोरक्ष बाजाराच्या दिशेने दिसेनासा झाला. मग सहादू डावं चाक काढून उघड्या पडलेल्या हबच्या चकतीपुढे बसला. किल्लीची तार सोडवून त्याने तो नट वरच्या बोल्टवर टेकवला आणि अंगठ्याने डावीकडे फिरवला. पहिल्या आट्यातच नट बसला. कुठेही न अडकता बुडापर्यंत गेला. आटे गेलेले नव्हते. नट नव्यासारखा होता.

"उजवीकडे फिरवले त्याने," तुषार मागून म्हणाला. "चारही. सैल केले."

"हळू."

"कुणी नाहीय इथं मामा. पान्यावर उभं राहून सैल केले आणि त्याला वाटलं आवळले. साधं गणित आहे."

"टेम्पोवरनं आला हुता त्यो. टेम्पोला दोन्हीकडनं सरळ. त्याला कुणी सांगितलंच न्हाई."

"तुम्हाला माहीत होतं ना, त्याला माहीत नाही?"

सहादूने नट बोल्टवरून काढला. "मी तिला सांगितलं हुतं," तो म्हणाला.

सात वर्षं तो ज्याचं उत्तर शोधत होता ते हातात होतं, आणि ते इतकं नेमकं निघेल असं त्याला वाटलं नव्हतं. चार कडक होते. म्हणजे हाताला आठवत होतं ते बरोबर होतं. पाचवा बोटांनी लावलेला, तसाच राहिलेला. चार कडक नटांवर जीप नगरला गेली असती, आणखी शंभर मैल गेली असती. पाचवा लटकला नसता तर गोरक्ष उतरला नसता. उतरला नसता तर त्याने पाना लावला नसता. पाना लावताना ती जागी असती तर तिने सांगितलं असतं. सगळ्यांत जिला माहीत होतं, ती चाकापासून दोन फुटांवर झोपली होती.

"त्याला सांगा आता," तुषार म्हणाला. "सांगावंच लागेल. उद्या सकाळी निघताना तो पाना लावणार. वाटेत परत लावणार. हीसुद्धा तसलीच जीप आहे. आई पुढं बसणार आहे त्याची."

"व्हय."

"मग? आला की सांगा. डावीकडं उलटे आटे आहेत, एवढंच सांगायचं."

"एवढंच सांगितलं की बाकीचं त्याला कळंल," सहादू म्हणाला. "अर्ध्या मिन्टात कळंल. त्यो काय खुळा हाय का?"

तुषार जीपच्या डाव्या बाजूला उकिडवा बसला.

सहादूने चाकाकडे, मग मागच्या चाकाकडे पाहिलं. "डावीकडचे बोल्ट काढू."

"काढू म्हणजे?"

"पुढचे पाच, मागचे पाच. ठोकून काढायचे, सरळ आट्याचे बसवायचे. नट बी सरळ. स्पेअर पार्टच्या दुकानात मिळत्यात. जा, घेऊन ये."

"चांगले बोल्ट आहेत मामा! हब उतरवायचा, मागचा ड्रम ओढायचा. दिवस जाईल."

"चारपर्यंत टाईम हाय."

"आणि त्याला काय सांगायचं?"

"तुझ्या मशीननं ताणले म्हून बदलले."

"वा! मशीन माझं बदनाम." पण तुषार उठून स्कूटरची किल्ली शोधत होता.

पुढचे साडेचार तास दोघे त्या जीपच्या डाव्या बाजूला होते. बॅटरीचं मशीन या कामात निरुपयोगी होतं. शेजारच्या गॅरेजवाल्याकडून ड्रम ओढायचा पुलर आणला. हब लाकडी ठोकळ्यावर पालथा धरून एकेक बोल्ट घणाने मागे काढावा लागत होता. तुषारने घण मागितला, सहादूने दिला नाही. उजवा हात वर जात नव्हता म्हणून त्याने डाव्या हाताने घण धरला. तिसऱ्या बोल्टला त्याचा श्वास लागला. चौथ्याला तुषारने न विचारता घण काढून घेतला आणि सहादूने हब धरला. भागिरथीबाई डबा घेऊन आल्या, दोघांचे हात पाहून डबा बाकावर ठेवून गेल्या. दोनदा गिऱ्हाईक आलं, दोन्ही वेळा सहादूने परत पाठवलं.

नवे बोल्ट बसले. हब चढले, नवीन टायरची चाकं चढली. नट लावताना तुषारने मशीन उचललं.

"डावीकडचे हातानं," सहादू म्हणाला.

त्याने व्हील पाना घेतला आणि पुढच्या डाव्या चाकापुढे बसला. आता या चाकाला उजवीकडे फिरवायचं होतं. हाताला ते चुकीचं वाटत होतं. बावीस वर्षांत असल्या जीपच्या या बाजूला त्याने असं कधी फिरवलं नव्हतं. एक. दोन. तीन. चार. तो थांबला. सावलीची कड त्याच्या मागे होती. त्याने वाट पाहिली. कुणी काही विचारलं नाही, पण कुणीतरी तिथे उभं होतं, आणि या खेपेला सहादूजवळ सांगायला उत्तर नव्हतं. त्याने पाचवा आवळला.

*

गोरक्ष चारला पाच कमी असताना आला. पिशवी मागच्या सीटवर टाकून त्याने नवे टायर बघत जीपभोवती एक चक्कर मारली.

"बोल्ट नवे?"

"मशीननं ताणले. बदलले. त्याचे पैशे लागनार न्हाईत."

"बरं. द्या पाना. बघतो आवळून."

"आधी ऐक," सहादू म्हणाला. तो उभाच होता. तुषार बाकावरून उठला.

"त्या दिशी पाचवा नट मी आवळला न्हाई. बोटानं लावला आन तसाच राह्यला. त्याचे आटे गेले नव्हते. त्यो माझ्याकडनं राह्यला."

गोरक्षला ऐकू गेलं, पण समजायला वेळ लागला. "तुमी तर पोलिसांना..."

"पाची म्हनलो."

"कोर्टात बी."

"कोर्टात बी."

रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर गेला. गोरक्षने पुढच्या डाव्या चाकाकडे पाहिलं.

"पर बाकीचे चार तर कडक हुते," तो म्हणाला. "मी पान्यावर उभा राह्यलो हुतो."

"त्यो गंज," सहादू म्हणाला. "गंजलेला नट कडक लागतो, पर धरलेला नसतो. मी ब्रश मारला न्हाई, तेल घातलं न्हाई. गडबडीत नुसते चढवले. तू जोर लावला तवा गंज तुटला, तुला वाटलं आवळला. आवळायला त्याच्यात काय राह्यलंच नव्हतं. तू उतरला नसता तरी गेलं असतं चाक. तुझं काय चुकलं न्हाई."

"मामा," तुषार म्हणाला.

"तू गप."

जून १९९१ मध्ये त्या बोल्टांवर गंजाचा ठिपका नव्हता. सहादू पगारे प्रत्येक बोल्टला तारेचा ब्रश मारून, बोटाने तेल फिरवूनच नट लावायचा, हे कोपरगावपासून नगरपर्यंतच्या ड्रायव्हरांना ठाऊक होतं. त्यावरच त्याचं पाटी नसलेलं दुकान चाललं होतं.

गोरक्षचा चेहरा लाल झाला. हात उठला असता; तसा तो खांद्यातून हललाही. मग त्याने तोच हात जीपच्या बॉनेटवर टेकवला.

"सहा म्हैनं," तो म्हणाला. "सहा म्हैनं मी आत हुतो. बाहीर आलो तर आईनं तोंड फिरवलं. ह्या दुकानावरनं रोज सायकलवर कामाला जायचो मी. तुमी हात करायचात मला, तात्या."

"व्हय."

"हात करायचात."

"आईला सांग," सहादू म्हणाला. "आजच सांग. पगाऱ्याकडनं झालं म्हून सांग. तिला इथं यायचं असंल तर आन. गावात बी सांग."

त्याने खिशातून किल्ली काढून दिली. किल्लीला तार होती, नट नव्हता. गोरक्षने तारेकडे पाहिलं.

"त्यो माझा हाय," सहादू म्हणाला. "माझ्याकडं ऱ्हाऊ दे."

 गोरक्षने हात पुढे केला आणि सहादूने त्यात पाना दिला.

तो उजवीकडून सुरू झाला. मागचं चाक, पुढचं चाक. प्रत्येक नटावर पाना घालून त्याने दोन्ही हातांनी ओढून पाहिलं. मग जीपच्या नाकापुढून वळून डावीकडे आला. सहादू जागचा हलला नाही. तुषारची नजर पान्यावर होती.

गोरक्षने पाना पुढच्या डाव्या चाकाच्या वरच्या नटावर घातला, दांडा आडवा केला आणि त्यावर डावा पाय ठेवून वर चढला. सगळं वजन टाकून, उजवीकडे. नट हलला नाही. त्याने अंग उचलून पुन्हा हिसका दिला. हलला नाही. तो उतरला, पाना पुढच्या नटावर घातला, पुन्हा चढला. एकेक करत त्याने पाच केले. मग मागच्या चाकाचे पाच. दहाही वेळा तो उजवीकडेच चढला, आणि दहाही वेळा पाना आहे तिथेच राहिला.

"कडक हायेत," तो म्हणाला. कुणाला म्हणाला ते कळलं नाही.

जीप चालू झाली तेव्हा तुषारने सासऱ्याजवळ येऊन हळूच विचारलं, "मामा, उद्या अड्ड्यावर सगळ्यांना कळेल. मग इथं कोण चाक आवळून घेणार?"

सहादू खाली बघत होता. आजवर कुठल्याही ड्रायव्हरने काम झालं की पाना त्याच्या हातात परत दिला होता. गोरक्षने तो जमिनीवर ठेवला होता, टाकला नव्हता. दुकानाच्या उंबऱ्याच्या बाहेर, आवाज न करता. सहादूने वाकून उजव्या हाताने तो उचलून पाहिला. हात कमरेपर्यंत आला. मग त्याने डाव्या हाताने खालून आधार दिला आणि पाना आत नेला.